सिस्टरबाईंच्या लांब बाह्या

वैशाखात धरणाच्या भिंतीवरच्या दगडांना हात लावता येत नसे. पाण्याशेजारी राहूनही कॉलनीतली माणसं दुपारी दार लावून ओलं फडकं डोक्यावर घेऊन पडायची. अशा दिवसांतही सिस्टरबाई मनगटापर्यंत बाह्या असलेला पांढरा ब्लाउज घालूनच दवाखान्यात यायच्या. मनगटाशी दोन-दोन बटणं, तीही लावलेली. दुपारपर्यंत बाह्या घामानं ओल्या होऊन हाताला चिकटायच्या. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "ऊन लागत न्हाई." दवाखान्याच्या आत कुठलं ऊन, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नसे, किंवा सुचलं तरी कुणी विचारत नसे.

सिद्धेश्वरच्या धरणावर तेव्हा कामगारांची आणि साहेबांची अशी दोन टोकांना दोन वस्त्या असलेली कॉलनी होती, आणि मधे दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर हिंगोलीहून आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले पाच दिवस दवाखाना म्हणजे सिस्टरबाई. त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. मीसुद्धा ते फार उशिरा ऐकलं. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं सडपातळ, क्वार्टरमध्ये एकट्याच. त्या बौद्ध आहेत हे कॉलनीत माहीत नव्हतं. आडनाव असं होतं की त्यावरून काही कळायचं नाही, आणि त्या स्वतः होऊन काही सांगायच्या नाहीत.

काम संपलं की त्या दवाखान्याच्या पायरीवर पाचेक मिनिटं पाय लांब करून बसायच्या. "काय चाललंय बाई?" असं कुणी जाता जाता विचारलं तर एकच उत्तर, "ढकलून राहिले." त्यात तक्रार नव्हती. थकलेल्या माणसानं थकलोय एवढंच सांगावं, तसं ते होतं. मी पुढं चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली. आता संध्याकाळी माझेही पाय तसेच आपोआप लांब होतात.

आमचा तांडा धरणापासून दीड कोसावर. दुष्काळ नुकताच सरला होता. मी मॅट्रिक झाले होते, तांड्यातली पहिली मुलगी, आणि त्याचं पुढं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. माझ्या वहिनीचं पहिलं बाळंतपण अडलं, म्हणून बैलगाडीत घालून तिला भर दुपारी दवाखान्यात आणलं. बाईंनी पुरुषांना बाहेर काढलं, दाराला आतून कडी घातली आणि मनगटाची बटणं सोडली. बाह्या कोपराच्या वर सारल्या. मी बघतच राहिले. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवंगार गोंदण. विंचू, पाळणा, ठिपक्यांच्या दाट ओळी, आणि उजव्या मनगटाच्या आत एका देवीचं नाव.

"बघत काहून उभी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "हात धू. मला धरायला माणूस पाहिजे. बोटांच्या मधून, नखांतून, कोपरापर्यंत. मी थांब म्हणंपर्यंत धू."

माझ्याही हातावर गोंदण होतं. आमच्यात लहानपणीच गोंदतात. मेल्यावर अंगावरचा दुसरा कुठला दागिना सोबत येत नाही, अशी समजूत. हनुवटीवर तीन ठिपके, डाव्या हातावर ओळी. बाईंनी माझा हात पाहिला, मी त्यांचा पाहिला. मग वहिनी ओरडली आणि आम्ही कामाला लागलो. मुलगी झाली. कडी काढण्याआधी बाईंनी बाह्या खाली घेतल्या, चारही बटणं लावली आणि म्हणाल्या, "बाहेर बोलायचं न्हाई."

पुढं मला कळलं की आसपासच्या पंधरा-वीस गावांतल्या कितीतरी बायांनी ते हात पाहिले होते. कळा देता देता पाहिले होते. पण एकीनंही घरी जाऊन सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी गप्प बसा म्हणायची गरजही पडली नसावी.

सहा महिन्यांनी बाईंनी मला बोलावून घेतलं आणि नर्सिंगच्या शाळेचा अर्ज पुढं ठेवला. "भर. दोन वर्सांचं शिक्षण, राहणं-खाणं तिथंच. मुलाखत होते." घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. वडील म्हणाले, जागा मिळाली तर जा, नाही मिळाली तर दिवाळीनंतर लग्न. एवढं त्यांनी कबूल केलं तेसुद्धा बाईंच्या शब्दाखातर. वहिनी आणि पोर दोघी जगल्या होत्या ना.

अर्जात एक रकाना होता, शरीरावरील ओळखीची खूण. मी सरळ लिहायला लागले, हनुवटीवर आणि डाव्या हातावर गोंदण. बाईंनी माझं मनगट धरलं.

"ते न्हाई लिहायचं. तीळ असंल की कुठं."

"कानामागं आहे."

"तेच लिही."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "बाई, गोंदणानं काय होतंय? सगळ्यांच्याच अंगावर असतंय."

"खेड्यातल्या सगळ्यांच्या अंगावर असतंय. टेबलामागं बसणाऱ्यांच्या अंगावर न्हाई," त्या म्हणाल्या. "दिसलं की लोक विचारतेत. विचारलं की सांगावं लागतंय. माझ्या हातावरचे ठिपके बघून आमच्या भागातलं कुणीबी सांगंल मी गावाच्या कुठल्या टोकाची. धर्म बदलला, नवं घर झालं, नोकरी लागली. हात तेच राहिले. मी मुलाखतीला लांब बाह्या घालून गेले आन् घेतलं मला. तवापासून काढायची हिंमत झाली न्हाई. सतरा वर्सं झाली."

ही एवढी लांब गोष्ट त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

त्यांनी आपल्या कापडातून मला लांब बाह्यांचा ब्लाउज शिवला. हनुवटीवर लावायला पावडरीचा डबा आणला. नाकातली भुरिया, म्हणजे आमच्याकडची मोठी नथनी, काढायचं ठरलं. ती लहानपणी घातलेली, कधी निघालेली नव्हती. बाईंनी तेल सोडून हळूहळू फिरवत काढली. माझी याडी, म्हणजे आई, समोर बसली होती. तिनं भुरिया हातात घेतली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि एवढंच विचारलं, "शिकून आल्यावर घालता येईल का?" बाई म्हणाल्या, "भोक बुजलं नसलं तर." याडी उठून बाहेर गेली. कानातल्या कड्यांना हात लावायचं धाडस मग आम्हाला झालं नाही. कानावरून पदर घ्यायचं ठरवलं.

मुलाखतीला बाई रजा काढून माझ्यासोबत आल्या. औंढ्याहून एस.टी., पुढं दुसरी एस.टी. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पावडर घामानं वाहून गेली होती. बाईंनी नळावर माझं तोंड धुतलं आणि पुन्हा नव्यानं लावली. वऱ्हांड्यात तीसेक मुली होत्या. त्यांतल्या कितीकांनी काय काय झाकलं होतं कुणास ठाऊक. सगळ्याच घाबरलेल्या दिसत होत्या.

आत तिघं होते. एक डॉक्टर, एक वयस्क मेट्रन आणि एक अधिकारी. मी हात टेबलाखाली ठेवून उत्तरं दिली. बरी दिली. मेट्रननं विचारलं, "दवाखान्यात कधी काम केलंय?" मी वहिनीच्या बाळंतपणाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग सांग बरं, अडलेल्या बाईला हात लावायच्या आधी काय करशील?"

"हात धुईन."

"धू." कोपऱ्यात बेसिन होतं, तिकडं तिनं बोट केलं.

मी उठले. बटणं सोडली, बाह्या वर सारल्या आणि धुवायला लागले. बोटांच्या मधून, नखांतून, कोपरापर्यंत. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. हात धुणं म्हणजे बाह्या वर, एवढंच मला शिकवलेलं. थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून मी धूतच राहिले. शेवटी मेट्रन म्हणाली, "बास. छान. कुणी शिकवलं तुला?"

"सिस्टरबाईंनी," मी म्हटलं. मला फार अभिमान वाटला होता.

मग तिची नजर हातावर गेली. तिनं अर्ज पुढं ओढला, वाचला आणि हसली. "एवढं हातभर गोंदण, आणि खूण म्हणून कानामागचा तीळ लिहिलास? हे झाकायला कुणी शिकवलं?"

मी गप्प बसू शकले असते. मलाच तसं वाटलं, असं म्हणता आलं असतं. पण पहिलं उत्तर तोंडात होतं, तेच पुन्हा बाहेर पडलं. "सिस्टरबाईंनी."

"आल्यात का त्या?"

बाईंना आत बोलावलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या, ब्लाउजची चारही बटणं लावलेली. मेट्रन म्हणाली, "तुम्ही स्वतः नर्स ना? बाह्या वर केल्याशिवाय हात धुता येत नाहीत, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का? हिनं किती दिवस झाकलं असतं?"

बाई माझ्याकडं बघत नव्हत्या. म्हणाल्या, "मीच सांगितलं. पोरीची चूक न्हाई." आणि मग, कुणी सांगितलं नसताना, त्यांनी बटणं सोडली आणि दोन्ही बाह्या वर केल्या. माझ्यावरचं लक्ष काढून घ्यायला केलं, की आता झाकून उपयोग नाही म्हणून केलं, की नुसत्या थकल्या होत्या, मला अजून कळलेलं नाही.

मेट्रननं क्षणभर पाहिलं. "एवढ्यासाठी? अहो, माझ्या आजीच्या हातावर याच्या दुप्पट होतं." आणि ती पुढचा अर्ज उचलायला लागली. पण तो अधिकारी खुर्चीत पुढं सरकला. नीट निरखून त्यानं विचारलं, "मूळ गाव कोणतं तुमचं?" बाईंनी सांगितलं. "गावात घर कुठल्या बाजूला?" बाईंनी तेही सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि मागं टेकला. तेवढंच. पण मी बाईंचं तोंड पाहिलं होतं.

परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या. जिंतूर मागं पडल्यावर पहिल्यांदा बोलल्या. "मला वाटायचं, कुणाला दिसलं तर नोकरी जाईल. रोज वाटायचं. आन् तिनं तर धड पाह्यलंबी न्हाई. सतरा उन्हाळे गेले ना."

माझी निवड झाली. यादीत नाव आलं तेव्हा वडिलांनी तांड्यात गूळ वाटला. त्याच सुमारास कॉलनीत साहेबांच्या बाजूला बाईंबद्दल कुजबुज सुरू झाली. त्या अधिकाऱ्याची धरणावरच्या एका साहेबांशी ओळख होती. त्या साहेबांच्या पत्नीला बाई रोज घरी जाऊन इंजेक्शन देत. दिल्यावर चहा व्हायचा, पाहुण्यांच्या कपबशीत. एक दिवस चहा आला नाही. दुसऱ्या दिवशी दार मागचं उघडलं. बाई मागच्या दारानं गेल्या, इंजेक्शन दिलं, आल्या. पुरते वीस दिवस दिलं, एकही चुकवलं नाही. हे मला दवाखान्यात झाडायला येणाऱ्या मावशीनं सांगितलं. बाईंना मी विचारलं तर म्हणाल्या, "काही तकलीफ न्हाई. ढकलून राहिले."

मी शाळेला निघाले त्या दिवशी त्या फाट्यापर्यंत आल्या. एस.टी. दिसायला लागली तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "बाई, मी मुलाखतीत तुमचं नाव घ्यायला नको होतं."

त्यांनी माझी पत्र्याची पेटी उचलून माझ्या हातात दिली. "खरं ते बोललीस. माझा राग न्हाई तुझ्यावर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं सरळ बघून, फार हळू म्हणाल्या, "पण पोरी, ती गोष्ट माझी व्हती. मला इचारून सांगितली असतीस तर बरं वाटलं असतं."

गाडी आली. मी चढले. वळून पाहिलं तेव्हा त्या कॉलनीच्या वाटेला लागल्याही होत्या.

दोन वर्षं मी त्यांना पत्र टाकलं नाही. लिहायला बसायची, पहिलं वाक्य सुचायचं नाही. शिकून परत आले तर क्वार्टरमध्ये दुसरी नर्स होती. बाईंनी स्वतःच बदली मागून घेतली होती, कुठं ते तिला माहीत नव्हतं. मी हिंगोलीला ऑफिसात गेले, माझ्याच नेमणुकीच्या कामासाठी. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाला मी सहज विचारलं, सिद्धेश्वरच्या जुन्या सिस्टर कुठं असतात. त्यानं त्यांचं पूर्ण नाव घेतलं. ते मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला, "थांब, फाइल बघून पत्ता देतो. दहा मिनिटं लागतील." आणि तो कपाटाकडं गेला.

मी म्हटलं, "राहू द्या काका, पुढच्या वेळी घेईन. माझी गाडी चुकेल."

डेपोवर येऊन बसले. गाडीला अजून सव्वा तास होता.