रणपिसे सर आणि एक खोडलेला शब्द

रणपिसे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी दौंडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाचा तास घेत होते. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दोनच ओळी आल्या... मुलांना थांबायला सांगून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हा रडले खूप, पण आज लिहायला बसल्यावर आठवतंय ते बहुतेक हसरंच आहे.

शिरूरच्या कॉलेजात सर मराठी शिकवायचे आणि शनिवारी दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत आम्हाला ब्लॉग लिहायला शिकवायचे. गुण नाहीत, हजेरी नाही, तरी आम्ही वीसेक जण थांबायचो. माझा पहिला लेख पर्यावरणावर होता, अर्धाअधिक नेटवरून उचललेला. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, "वर्षा, तू इनामगावची ना? मग ह्यात इनामगाव कुठंय?"

म्हणून मी आजोबांवर लिहिलं. आमच्या गावात जुन्या वस्तीचं उत्खनन चाललं होतं तेव्हा आप्पा तरुण होते, तिथे मजुरीला जायचे. 'माझे निरक्षर आप्पा डोक्यावरून इतिहास वाहत होते,' असं माझं वाक्य होतं. सरांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या. लेख त्याच दिवशी ब्लॉगवर गेला. दोन दिवसांनी चुलतभावाने तो आप्पांना मोबाइलवर वाचून दाखवला आणि आप्पा माझ्याशी बोलेनात. खूप विनवल्यावर म्हणाले, "आगं, मी चौथी शिकलोय. खापरं निघायची, त्यांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिव्हायचो. आन् तू मला अडानी करून टाकलंस व्हय?"

मी ब्लॉगच बंद करायला निघाले होते. सरांना तसं सांगितलं. तर रविवारी सकाळी सर एसटीतून उतरून आमच्या अंगणात उभे! आप्पांसमोर बसून म्हणाले, "आप्पा, चूक पोरीची नाही, माझी आहे. वाक्य मला आवडलं, म्हणून ते खरं आहे का, हे मी विचारलंच नाही." आप्पा आत बघून म्हणाले, "सरांना च्या टाका." त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत आप्पा बोलत होते. खापराचा रंग, चिठ्ठीवर काय काय लिहायचं, अक्षर चांगलं म्हणून साहेब त्यांना सावलीत कसे बसवायचे... सर ऐकत होते, मी वहीत उतरवत होते.

'निरक्षर' खोडून मी लेख पुन्हा लिहिला. या वेळी वर्गात टाळ्या नव्हत्या. सर मात्र आपलं कुठे चुकलं ते उभं राहून वर्गाला सांगत होते. लेखाची झेरॉक्स आप्पांनी खिशात घातली आणि पुढे कित्येक दिवस तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भेटेल त्याला दाखवली. मास्तरकीचा विचार माझ्या मनात आला तो तेव्हा.

निवृत्तीनंतर सर दौंडला राहायला आले. आमच्यातले सतरा-अठरा जण अजून लिहितात. रोज सकाळी चहा झाला की सर एकेकाचा ब्लॉग उघडून बसायचे आणि लेखाखाली प्रत्येकाला काहीतरी लिहायचे. ते गेल्यावर मी काही लिहिलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी लेखाखाली सरांच्या नावाने मजकूर! 'अक्षर लई बारीक हाय. मोठं कर. बाकी झ्याक.'

मी त्यांच्या घरी फोन लावला. सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनीच उचलला.

"अगं, मीच लिव्हलं ते," त्या म्हणाल्या. "ह्यांचा मोबाइल मीच वापरते आता. सकाळी च्या झाला की ह्यांची खुर्ची रिकामी बघवंना... मग मीच बसते वाचत. तुझं झालं. आता पाबळच्या त्या सुनीताचं काढलंय, चांगलं रंगात आलंय. ठेव आता फोन."