बायडाबाईची फुंकर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एखाद्या लेकराचं रडं थांबेना झालं, की बाया म्हणायच्या, "आगं, बायडाबाईकडनं फुंकर मारून आण की. दिष्ट लागली असंल."

आकाराम दूधवाल्याच्या घरात, पुढच्या खोलीत खिडकीशी बसून बायडाबाई साड्यांना फॉल लावायची. लेकरू समोर आलं, की सुई पदराला टोचून ठेवायची, डाव्या तळहातावर उजवा अंगठा दोनदा चोळायची आणि हलकेच फुंकर घालायची. लेकरू दचकायचं, डोळे मिचकवायचं आणि रडं विसरायचं. आई खूश. कुणी केळं ठेवायची, कुणी खडीसाखर. "मुकी हाय बिचारी, पण देवानं हाताला गुण दिलाय," असं म्हणत बाया निघून जायच्या.

बायडाबाईला दृष्ट काढता येत नव्हती. ती लेकराला आपलं नाव सांगायची. एवढंच.

ती आता एकोणसाठ वर्षांची. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. गाव शाहूवाडीकडचं, डोंगरातलं. आठव्या वर्षी बापानं तिला शहरात आणून बहिऱ्या मुलांच्या शाळेच्या वसतिगृहात सोडलं. निघताना आईनं फ्रॉकच्या खिशात भाताच्या चार लोंब्या कोंबल्या होत्या. त्या संध्याकाळी अंगणाच्या कोपऱ्यात बसून तिनं एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कुसं उडवली आणि शेजारी टक लावून बसलेल्या पोरीपुढं दाणे धरले. ती पोर शिरोळकडची, जैनाघरची. अंजना. तिनं दाणे चघळले, थुंकले आणि हसली. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या त्या टोकावरनं तिला बायडाला बोलवायचं होतं. तिनं काय करावं? रिकाम्या तळहातावर अंगठा चोळला आणि फुंकर मारली.

बायडाचे पाय जागीच थांबले. जन्मात पहिल्यांदा तिला कुणीतरी हाक मारली होती. 'बायडा' हे नाव घरात होतं, शाळेच्या पटावर होतं, पण तिच्यापर्यंत ते कधी पोचलंच नव्हतं. हे मात्र पोचलं. मग तिनंही अंजनाला नाव दिलं. हनुवटीवरच्या खळीत बोट.

त्या काळी शाळेत हात हलवायला बंदी होती. हात बोलायला लागले की तोंड आळशी होतं, अशी शिकवणाऱ्यांची समजूत. पोरींपुढं आरसा, ओठांपुढं कागदाची पट्टी. 'प' म्हटलं की पट्टी हलली पाहिजे, 'फ' म्हटलं की फडफडली पाहिजे. खुणा करताना कुणी सापडलं, तर हातावर छडी. पण या दोघी एकमेकींकडं बघून फुंकर मारायच्या, तेव्हा बाईंना वाटायचं, पोरी 'फ' घोकतात. बाई पाठ थोपटायच्या. सगळ्या शाळेत छडी न खाता हातानं बोलता येईल असा एकच शब्द होता आणि तो बायडाचं नाव होता.

चौदाव्या वर्षी बाप तिला न्यायला आला तो आठवड्याच्या मधेच. पोरगी मोठी झाली, आता शिकून काय करायचंय? वर्ग चालू होता. बायडा पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी. अंजना तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. बाई बघत होत्या. अंजनानं घडी सोडली, तळहातावर अंगठा चोळला आणि फुंकर मारली. ओठ थरथरत होते म्हणून ती फुंकर नीट झालीच नाही.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षं बायडाबाईला कुणी नावानं हाक मारली नाही.

घरच्यांनी हाल केले असं नव्हे. भावानं, आकारामनं, आपल्याबरोबर पेठेत आणलं, जीव लावला. जेवायचं, झोपायचं, दूध किती, पावणं आलं, सगळ्याच्या खुणा घरात होत्या. चैतात जोतिबाच्या डोंगरावर ढोल-ताशानं सगळ्यांचेच कान बसायचे, तेव्हा अख्खं घर तिच्या खुणांवर चालायचं आणि आकाराम म्हणायचा, "आज आमची बायडाच मुकादम!" पण हाक मारायची म्हणजे जमिनीवर पाय आपटायचा. नाहीतर बटण दाबून दिवा चालू-बंद करायचा. नाहीतर आकारामसारखं शेंग फेकून मारायची. पाय आपटला की मांजरही बघायचं आणि बायडाबाईही बघायची.

फक्त वर्षा-दोन वर्षांची लेकरं कधीमधी तिच्याकडं बघून इवलासा हात तोंडाशी न्यायची आणि फू करायची. तेवढ्यापुरतं तिचं नाव कुणाच्या तरी तोंडी असायचं. मग ती लेकरं मोठी व्हायची, बोलायला लागायची आणि विसरून जायची.

आकारामची सून अनुजा मोठी देवभोळी. पहाटे आंघोळ करून वहीत एकशे आठ वेळा जोतिबाचं नाव लिहिल्याशिवाय चहाला आधण ठेवायची नाही. गेल्या श्रावणात दुपारी मोबाइल बघता बघता तिला एक चित्रफीत दिसली. चार-पाच बहिरी माणसं आपापली नावं सांगत होती. एकानं भुवई ताणली, एकीनं कानातला डूल हलवला. खाली लिहिलं होतं, ही त्यांची खुणेची नावं. अनुजानं ती बायडाबाईपुढं धरली, मग तिच्याकडं बोट करून भुवया उडवल्या. तुमचं?

बायडाबाईनं आधी मोबाइलकडं पाहिलं. मग सुनेकडं. सुई पदराला टोचली. तळहातावर अंगठा चोळला आणि फुंकर घातली.

"अगं बाई," अनुजा खालीच बसली. "आत्या, ही दिष्ट न्हाय व्हय?" नाव लिहिण्यात सहा वह्या भरलेल्या आणि घरातल्या माणसाचं नाव ठाऊक नाही, म्हणून तिचं तिलाच तोंड लपवावंसं वाटलं.

बायडाबाई मात्र थांबेना. हनुवटीत बोट, हनुवटीत बोट, पुन्हा पुन्हा. आणि मग दोन्ही हात पसरून विचारलं, कुठाय?

अनुजानं मोना नावाच्या मुलीला घरी बोलावलं. तिचे आईबाप दोघंही बहिरे, त्यामुळं ती खुणांतच वाढलेली. बायडाबाईच्या कितीतरी खुणा तिलाही नव्या होत्या. "शाळेशाळेतल्या पोरांनी लपूनछपून तयार केलेल्या ह्या," ती अनुजाला म्हणाली. "दीडशे वर्षांमागं परदेशात कुठं मास्तरांची सभा भरली आणि ठरलं, की हात बंद. त्याची छडी आपल्या हिथवर आली बघा वहिनी. आता दिल्लीला खुणांचा कोश झालाय, बातम्यांत कोपऱ्यात खुणा करणारी बाई दिसती. पण ज्यांनी छड्या खाऊन भाषा जगवली, त्यांना कोण विचारतंय?" शाळेच्या जुन्या पटातनं नाव शोधून तिनं बहिऱ्यांच्या गटांवर निरोप टाकला. शिरोळकडची अंजना, वडील तवनाप्पा, हनुवटीला खळी.

महिन्यानं केतनचा फोन आला. अंजनाचा मुलगा. त्यानं चेहरा दिसणारा फोन लावून आईपुढं धरला. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई. खळी तशीच. बायडाबाईनं तळहात पुढं केला, अंगठा चोळला, फुंकर मारली.

अंजना दुसरीकडंच बघत राहिली.

बायडाबाईनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग उठली, खिडकीशी जाऊन बसली आणि फॉल लावायला लागली. टाके वाकडे पडत होते, तरी उसवेना.

पलीकडनं केतन सांगत होता, "आईला दोन वर्षं झाली, दिसत न्हाय वहिनी. शुगरनं डोळं गेलं. आम्ही खांद्यावर एकदा थापटलं की जेवण, दोनदा थापटलं की आंघोळ. तेवढंच बोलणं राहिलंय. मला वाटलं, थोडंफार तरी दिसंल."

अनुजानं बायडाबाईपुढं बसून स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि मग हनुवटीला बोट लावलं. बायडाबाईनं हातातली साडी बाजूला ठेवली. मग चप्पल घातली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"आरं पण एकीला ऐकू येईना, दुसरीला दिसंना," आकाराम करवादला. "भेटून करणार काय ह्या? एकमेकींचं तोंड बघायचं म्हटलं तर तेबी न्हाय!"

"मामा, तुम्ही दूध बघा. आम्ही जाऊन येतो," सून सासऱ्याला म्हणाली.

केतनच्या घरात अंजना पलंगावर बसली होती, हात मांडीवर घडी घातलेले. बायडाबाई जवळ गेली. खांद्याला हात लावला, तशी अंजनानं जेवणाचं ताट घ्यायला म्हणून हात पुढं केले. बायडाबाईनं त्यातला एक हात धरला, सरळ केला आणि त्या तळव्यावर आपला अंगठा दोनदा चोळला. मग वाकून फुंकर घातली.

अंजनाचा हात तसाच राहिला. मग बोटं मिटली, उघडली. तिनं चाचपत बायडाबाईचं उजवं मनगट पकडलं, तळहात ओढून तोंडाजवळ नेला, अंगठा चोळला आणि फुंकर मारली. ओठ थरथरत होते, तरी या वेळी नीट झाली. बायडाबाईनं तिच्या हनुवटीतल्या खळीत बोट ठेवलं. त्यानंतर दोघींनी हातात हात घालून किती बोलून घेतलं, ते बाकी कुणाला कळलं नाही. केतन दारात उभा राहून आईचे हात बघत होता. "सूर्य मावळायच्या आत जेवून जावा," केतनच्या बायकोनं तीनदा सांगितलं, तेव्हा कुठं त्या उठल्या.

परतीच्या एसटीत गर्दी होती. बायडाबाई उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून उभी. "ओ मावशी, दांडी धरा की! पडशिला!" कंडक्टर ओरडला. तिनं डाव्या हातानं दांडी धरली, मूठ उघडली नाही. जागा मिळाल्यावरही उघडली नाही. खिडकीला डोकं टेकून बाहेरच्या उसाकडं बघत राहिली.

कोल्हापूर आलं. अनुजा उठली, वाकून तिच्यासमोर आली आणि आपल्या उजव्या तळहातावर डावा अंगठा चोळून चूल पेटवल्यासारखी फूऽऽ केली.

बायडाबाई हसली. मान हलवली. तसं नाही गं. मग मिटलेली मूठ उघडून, दोन्ही हात सुनेपुढं धरून, ती तिला आपलं नाव नीट घ्यायला शिकवू लागली.

"उतरा की वो पावणं," मागनं कुणीतरी ओरडलं.