थांबलेला डाव
ट्रान्सफॉर्मरला लावायच्या वार्निशचा वास आला की दिग्रसचं ते घर आठवतं. त्या घरच्या, अमेरिकेत वारलेल्या मुलाच्या सामानात त्याचं जुनं पिनबॉल मशीन, दांडा ओढून काचेखाली चेंडू उडवायचा खेळ, आलं होतं. तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, आपली दोनशेतीसची, म्हणून मी मधे ट्रान्सफॉर्मर बसवला. बटण दाबलं, तशी काच उजळली आणि कोपऱ्यात एक पिवळा दिवा लागला. "हा कायचा लाइट हाय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. "डाव अर्धा सुटला होता काका. जुन्या मशीनची वीज काढली तरी डाव तिथंच थांबून राह्यते. एक चेंडू राह्यला." मशीन चालतं का पाहायला मी दांड्याकडे हात नेला, तर त्यांनी मनगट धरलं. "राहू दे. त्याचा हाय." मशीन तसंच चालू ठेवून मी निघालो. आजही यवतमाळात गेलेली लाइट परत आली की वाटतं, दिग्रसला तो पिवळा दिवाही आत्ता लागला असेल.