सरांनी न लिहिलेला पेपर

“मूळ पाहिलं काय, वैनी?”

कुठलीही बातमी सांगा, सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि हेच विचारायचे. हळदीच्या दुधानं सर्दी जाते म्हटलं, की मूळ पाहिलं काय. कोपऱ्यावरच्या घरातली सून माहेरी निघून गेली म्हटलं, तरी मूळ पाहिलं काय. एकदा पुरणपोळी दिली आणि ही आमच्या सासूबाईंची पद्धत, असं मिरवून सांगितलं. सरांनी घास चावत विचारलं, “त्यांनी कोणाकडून घेतली?”

“वर गेल्यात त्या. जाऊन विचारून या.”

“जाईन ना. घाई काय आहे?” असं म्हणून त्यांनी दुसरी पोळी मागितली.

असा एखादा शेजारी तुमच्याही नशिबी आला असेल. तो समोरून येताना दिसला की आपण रस्ता बदलतो. मी बदलला नाही, कारण चंडीगढमध्ये मराठीतून भांडायला माणूस सहज मिळत नाही. आमचे हे हवाई दलातून निवृत्त होऊन इथंच राहिलेले. सर अमरावतीकडचे, मातीचे शास्त्रज्ञ, इथल्या एका संस्थेत नोकरीला आलेले. दोघांच्या घरांची भिंत एकच.

ओळख मात्र कामातून झाली. मी तेव्हा घरबसल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायचे. बोटं भराभर चालायची आणि आपल्याला इंग्रजी येतं असा दाट गैरसमज होता. प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूची असते, म्हणजे कुठली गोष्ट कुणाच्या लेखातून घेतली त्याची यादी. तिच्यात जागोजागी नावांपुढे ‘एट अल’ असं लिहिलेलं असायचं. त्याचा अर्थ ‘आणि इतर’. मला वाटलं, एवढे शिकलेले लोक आणि साधं ‘ऑल’ लिहिता येत नाही! मी अख्ख्या प्रबंधात एकेक जादा ‘एल’ जोडला आणि वर त्या विद्यार्थ्याला शुद्धलेखनावर चार शब्द सुनावले.

तो सरांचा विद्यार्थी निघाला. सर प्रबंध घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं कौतुक करायला आलेत. पदर सारखा करून मी चहा टाकायला गेले. काय तो तोरा बाईंचा!

सर रागावले नाहीत. चहा संपवून म्हणाले, “वैनी, लोकांले वाटते, सूची म्हणजे शोभा आहे. शोभा नाही ते. माझ्यावर भरवसा नसला तर तुम्ही जाऊन स्वतः पाहून या, असं सांगणं आहे.”

बोलायला असे पक्के, पण स्वतः फार थोडं छापलेलं. पिंजौरकडच्या टेकड्यांवरून पावसाळ्यात माती वाहून येते. ती आणणाऱ्या ओढ्यांना इकडे ‘चो’ म्हणतात. किती माती, कुठून येते, का येते, हा त्यांचा ध्यास. पाऊस थांबला की पिंजौरची बस पकडायचे आणि गुडघाभर चिखल घेऊन परतायचे.

“लिहा की आता,” मी म्हणायचे.

“अजून एक पावसाळा पाहू.”

त्यांच्या बरोबरीचे संचालक झाले. सर निवृत्त झाले तरी पुढच्या पावसाळ्याकडेच डोळे. त्यांची बायको शेवटच्या आजारपणात मला म्हणाली होती, “ह्यांचं ते मातीचं एकदा छापून आलेलं पाहायचं होतं हो.” ते राहिलं.

माझी नात मोहालीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. एका संध्याकाळी सर आमच्याकडे बसले असताना तिनं सहज फोनवर त्यांचं नाव शोधलं.

“अंकल, आप तो फेमस हो यार! आपके पेपर का कितने लोगों ने रेफरन्स दिया है!”

सरांनी फोन हातात घेतला. पिंजौरच्या ओढ्यांतून वाहणाऱ्या मातीचा दीर्घकालीन अभ्यास, असं शीर्षक. लेखक म्हणून त्यांचं नाव. मासिक, खंड, पान, सगळं नेटकं.

“हा मी लिहिला नाही,” सर म्हणाले. मग शीर्षक पुन्हा वाचून म्हणाले, “हा मला लिहायचा होता.”

नातीनं समजावलं. हल्ली काही लोक यंत्राकडून लेख लिहून घेतात. यंत्राला संदर्भ सापडला नाही, तर ते खऱ्यासारखा दिसणारा एखादा रचून देतं. एकानं तो तसाच छापला, बाकीच्यांनी त्याच्याकडून उचलला. मूळ पेपर उघडून पाहायला कुणी गेलंच नाही. मी निदान एक ‘एल’ घुसवला होता. इथं अख्खा पेपर घुसला होता!

मला हसू आलं, सरांना नाही. त्यांना तिथून आपलं नाव काढायचं होतं, एवढंच. हा खोटा संदर्भ देणारा पहिला लेख ज्या मासिकात आला होता, तिथं त्यांनी लिहिलं. उत्तर आलं, की दुरुस्ती लेखकानंच कळवायला हवी, आणि आपण त्या लेखाचे लेखक नाही.

“पाहा वैनी,” सर म्हणाले, “जे लिहिलं नाही, त्याचा मी लेखक. अन् ते काढा म्हटलं, तर लेखक नाही.”

तो पहिला लेख सरांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा निघाला. आता तो मोठा प्राध्यापक होता. सरांचा फोन गेल्यावर बर्फीचा डबा घेऊन त्यांच्या घरी आला. मी तिथंच होते.

“सर जी, नाराज क्यों होते हो? नाम तो आपका ही हुआ ना?”

“अरे, पण मी लिहिलंच नाही!” सर चिडले की मराठीत शिरायचे. “मैंने लिखा ही नहीं वो!”

“किसी ने पूछा थोड़ी है, सर।”

मला राहवलं नाही. “तो बिना पूछे बता दो। दो लाइन की चिट्ठी तो लिखनी है।”

“आंटी जी, पूरे पेपर पे सवाल उठ जाएगा। मेरा प्रमोशन रुका है।” तो सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी पाय मागे घेतले.

बर्फी मी घरी आणून खाल्ली. रागावर गोड चालतं का, ते पाहत होते. नाही चालत.

मग सर ज्या ज्या लेखकांनी तो संदर्भ दिला होता, त्यांना लिहीत बसले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकानं सरांच्या ‘मौलिक कार्या’बद्दल त्यांचे आभार मानले आणि पुढचा पेपर कधी येतोय ते विचारलं.

पुढच्या पावसाळ्यात सर पिंजौरला गेले नाहीत. “बस चुकली का?” मी चिडवलं.

“आता खरंच लिहिला, तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं जुनाच पुन्हा छापला.”

 

थंडीत, धुकं दाटलं असताना सर गेले. मुलगा कॅनडाहून आला, घराची किल्ली माझ्याकडे देऊन परत गेला. शोकसभेत तोच प्राध्यापक बोलायला उभा राहिला. पिंजौरच्या मातीवरचा तो पेपर म्हणजे सरांच्या आयुष्याचं शिखर, असं त्यानं ठासून सांगितलं. मी उठून म्हटलं, “वो पेपर है ही नहीं।” शेजारणीनं हात धरून मला खाली बसवलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “सदमे में हैं बेचारी।”

काही महिन्यांनी एक मुलगी आली. पीएचडी करणारी. दुसऱ्या गावाहून येऊन, सेक्टर ४३च्या बसअड्ड्यावर उतरून पत्ता विचारत विचारत पोचलेली. सरांच्या घराला कुलूप दिसलं म्हणून माझ्याकडे आली.

“आंटी जी, सर के एक पेपर की कॉपी चाहिए थी। कहीं नहीं मिल रही। गाइड सर बोलते हैं डाल दो, पर बिना पढ़े कैसे डाल दूँ?”

हे वाक्य ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यांच्या दाराला कुलूप होतं.

मी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं सांगितलं.  तिनं पेन काढून विचारलं, “तो ये बात मैं किसके हवाले से लिखूँ?”

“माझ्या! लिख, पड़ोसन ने बताया।”

तिनं गंभीरपणे माझं पूर्ण नाव विचारलं आणि स्पेलिंग तपासून घेतलं. शास्त्रातला संदर्भ झाले मी, या वयात! मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं.

मग तिचाच फोन आला.

“सॉरी, आंटी जी। गाइड सर ने आपका नाम काट दिया। बोले, पड़ोसन कोई सोर्स नहीं होती।”

“और सर का वो पेपर?”

“वो रहने दिया, जी।”