गप्प राहिलेला हूटर

"कुठून आला हा आकडा?"

कुणीही कुठलाही आकडा सांगितला की आमच्या आयटीवाल्याचा हा प्रश्न ठरलेला. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं, आज बेचाळीस डिग्री आहे, की हा चमचा खाली ठेवून विचारणार, "सावलीतलं का उन्हातलं?" एकदा डॉक्टरांनी माझं ब्लड प्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं. घरचे घाबरलेले, मी घाबरलेलो, आणि हा विचारतो, "बसून मोजलं का जिना चढल्या चढल्या?" वैताग यायचा हो. तुमच्याही कंपनीत असा एखादा असेलच. त्याच्याशी साधं बोलायचं म्हणजे कोर्टात साक्ष द्यायला उभं राहायचं.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांचे गिअर आणि शाफ्ट भट्टीत तापवून कडक करून द्यायचं काम. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, काळेवाडीहून बाइकने येणारा. तो लातूरकडचा, कुरुळीत खोली घेऊन एकटा राहायचा. कागदावर तो आयटी सपोर्ट, म्हणजे प्रिंटर अडकला की आम्ही त्याला हाका मारायचो. त्याचा जीव मात्र शेल स्क्रिप्टमध्ये. काळ्या पडद्यावर एकाखाली एक हुकूम लिहून ठेवायचे आणि कॉम्प्युटरने ते ओळीने पाळायचे, एवढंच ते प्रकरण. मला त्यातलं काही येत नव्हतं. तरी तो मला बसवून दाखवायचा.

"ह्याला हिशेब दुसरीतल्या पोराएवढाच येतोय बघा भाऊ. सात भागिले दोन विचारतो." टाइप केलं. पडद्यावर तीन.

"अर्धा कुठं गेला?" मी विचारलं.

"गिळला. आणि गिळला म्हणून सांगत पण न्हाई. म्हणून ह्याच्यावर नजर ठेवाय लागते." आणि शेजारच्या वात्रट पोराचं कौतुक करावं तसा तो हसायचा.

आता त्या खड्ड्याबद्दल सांगायला हवं. आमची एक भट्टी जमिनीत उतरवलेली आहे. तिच्या कडेला दोन पुरुष खोल खड्डा, खाली पाइप आणि व्हॉल्व्ह. भट्टीला नायट्रोजन लागतो. त्याला ना वास, ना रंग. गळाला तर खड्ड्यात साचतो, तिथला ऑक्सिजन कमी होतो, आणि उतरलेला माणूस काही कळायच्या आत खाली बसतो तो उठतच नाही. यासाठी खाली एक सेन्सर होता आणि वर त्याचा पॅनल. पॅनल जळला. नवा मागवला, तो मंजुरीत अडकला. मग साहेब म्हणाले, तोपर्यंत तुम्ही दोघं काहीतरी करा.

आम्ही केलं. मी वायरिंग केली आणि त्याने एका जुन्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला सेन्सर वाचायचा, ऑक्सिजन कमी दिसला की हूटर वाजवायचा. चांगल्या हवेत ऑक्सिजन वीस पॉइंट नऊ टक्के असतो. शेलला पॉइंटनंतरचं कळत नाही, म्हणून तो दहाने गुणून दोनशे नऊ करून घ्यायचा. "गुणून घेतलं की गिळायला काही उरत न्हाई," म्हणायचा.

हळूहळू सगळ्या शॉपला, म्हणजे भट्ट्यांच्या विभागाला, सवय लागली. खड्ड्यात उतरायच्या आधी शिडीला हात लावून क्षणभर थांबायचं, हूटर गप्प आहे ना ऐकायचं, मग उतरायचं. दत्ता नावाचा ऑपरेटर होता, बीडकडचा, तोही कुरुळीत बायको-मुलीबरोबर राहायचा. तो तर शिडीपाशी थांबून मोठ्यांदा विचारायचा, "काय म्हणतोय राखणदार?" आणि उत्तर आलं नाही की खाली जायचा.

पुढे सेन्सर मध्येच अडकायला लागला. जुनाच आकडा परत परत द्यायचा. म्हणून याने स्क्रिप्टमध्ये एक भर घातली: सेन्सरने शेवटचा ताजा आकडा देऊन किती वेळ झाला तेही मोजायचं. त्यासाठी घड्याळातला तास घ्यायचा, साठने गुणायचा, मिनिटं मिळवायची. ही भर दुपारी घातली. लगेच सेन्सर नायट्रोजन भरलेल्या पिशवीत घालून बघितला. हूटर असा बोंबलला की गेटवरचा वॉचमन पळत आला. आम्ही हसलो आणि चहाला गेलो.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी दत्ता गेला. सकाळची शिफ्ट होती, नुकते आठ वाजून गेले होते. खालचा व्हॉल्व्ह फिरत नव्हता म्हणून तो पाना घेऊन उतरला आणि वर आला नाही. वरून त्याला पडलेलं बघून दुसरा उतरायला लागला, त्याला आम्ही कॉलर धरून मागे ओढलं. एअर लाइनचा पाइप खाली सोडून हवा मारली, मग त्याला काढला. त्याचा चेहरा झोपलेल्या माणसासारखा होता. तो मला अजून दिसतो.

दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर हूटर तपासला. पिशवी लावली, हूटर वाजला. झालं. हूटर चालू आहे, म्हणजे सकाळीही वाजला असणार, तरी दत्ता उतरला. भट्टीच्या आवाजात बाकीच्यांना ऐकू गेला नसेल. पण शिडीवरच्या माणसाला ऐकू येणार नाही? संध्याकाळपर्यंत कारणही ठरलं होतं: तो पिऊन आला होता. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट यायला वेळ होता, पण अफवा कुठे रिपोर्टसाठी थांबते. दुसऱ्या दिवशी कुरुळीतल्या किराणा दुकानातही तेच चाललेलं.

एकटा हाच ते मानायला तयार नव्हता. "दुपारी वाजला, मान्य. सकाळचं कुणी बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलो. सात वाजून गेले तोपर्यंत सगळं ठीक होतं. आठ वाजले आणि पडद्यावर चूक झाल्याची एक ओळ उमटली. पुढच्या मिनिटाला तीच. त्याच्या पुढच्या मिनिटालाही तीच. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "मिनिटांचं शून्य काढलं होतं मी. तासाचं ऱ्हायलं."

मला समजेना, तेव्हा त्याने समजावून सांगितलं. घड्याळ आठ वाजले की शून्य आठ असं लिहितं. शून्याने सुरू होणारा आकडा शेल एका वेगळ्या पद्धतीने वाचतो, आणि त्या पद्धतीत सातच्या पुढचे अंकच नसतात. शून्य सात चालतं. शून्य आठ आणि शून्य नऊ समोर आले की तो हिशेब तिथेच सोडून देतो आणि पुढचं काही करत नाही. म्हणजे रोज सकाळी आठ ते दहा हूटर वाजणंच शक्य नव्हतं. दहा वाजले की सगळं पूर्ववत. दुपारी कितीही वेळा तपासा, सापडणार नाही.

"हे मला म्हाईत होतं," तो म्हणाला. "नव्या पोरान्ला मीच सांगायचो, आधी शून्य काढा."

साहेबांच्या केबिनमध्ये मी त्याच्याबरोबर गेलो होतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक शून्यच काढायचंय ना? काढून टाका. विषय संपला. स्क्रिप्टवर नाव तुमचंच आहे, जेलमध्ये जायची हौस आहे का?"

"दत्ताचं नाव खराब व्हायलंय, साहेब."

"तो आता परत येणार आहे का?"

याने जाऊन खड्ड्याच्या तोंडावर जाळी टाकून कुलूप लावलं, आणि चूक जशीच्या तशी दिसावी म्हणून स्क्रिप्टला हात लावला नाही.

कारखाना निरीक्षक आले ते जेवायच्या सुमारास. त्यांच्यासमोर त्याने कॉम्प्युटरचं घड्याळ मागे नेऊन सव्वाआठ केलं आणि मला म्हणाला, "लावा पिशवी." मी लावली. आम्ही थांबलो. सगळी शॉप उभी होती, भट्ट्या बंद होत्या, आणि हूटर गप्प. मग त्याने घड्याळ सव्वादहावर आणलं. मिनिटभरात हूटर वाजायला लागला तो कुणी बंदच करेना. निरीक्षकांना ओरडून विचारावं लागलं, "कुणी लिहिलंय हे?"

"मी," तोही ओरडून म्हणाला. "दत्ता थांबला आसंल, ऐकला आसंल, मगच उतरला. चूक माझी हाय."

त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं. पोलिसांनी जबाब घेतला, केस उभी राहिली. पॅनल का आला नाही हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. मला अजून त्या गोष्टीचा संताप येतो.

चार दिवसांनी तो म्हणाला, दत्ताच्या घरी जायचंय, सोबत या. त्याच्या खोलीपासून दोन गल्ल्या पुढे घर. वहिनी दारातच बसल्या होत्या. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शून्य, आठ, नऊ, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं.

"वाजला आस्ता तर हे उतरले नस्ते?"

"न्हाई वहिनी. नस्ते उतरले."

"म्हंजे पिलेले नव्हते."

"नव्हते. माझ्यामुळं गेले."

त्या उठल्या आणि आत तोंड करून मुलीला म्हणाल्या, "आयकलंस का गं? पप्पा पिलेले नव्हते. शाळंत कुणी म्हणलं तर सांग." मग वळून त्याच्याकडे बघितलं. रडल्या नाहीत. "तुमी खरं सांगितलं. पन आता ह्या दारावरनं जाऊ नका. मला तुमचं तोंड बघवत न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

कुरुळीतून हमरस्त्याला यायचा रस्ता त्यांच्या दारावरूनच आहे. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या शेतातून यायला लागला. पावसाळा होता. काही दिवसांत त्याने खोली सोडली. मी त्याला शेवटचं बघितलं ते त्या दिवशी, हमरस्त्यावरून. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात चपला, खांद्यावर बॅग, आणि तो बांधावरून पाय रोवत येत होता. तो अजून शेतातच होता, तेवढ्यात बस हमरस्त्यावर येऊन थांबली. मी कंडक्टरला थांबा म्हणालो, त्यालाही हाक मारली. त्याने हात हलवून जाऊ दे म्हणून सांगितलं, आणि तसाच लांबच्या वाटेने, दत्ताच्या घराकडे पाठ करून, चिखलातून येत राहिला.