उशिरा आलेले निरोप

वेदाचा फोन आला तेव्हा मी चंदीगडच्या सेक्टर एकमध्ये, हायकोर्टाच्या आवारात होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती मराठीत म्हणाली. एरवी माझ्याशी हिंदीतच बोलते. मुकुंद जोगळेकर, विद्यापीठातला संशोधक, वर्ध्याहून इथे आलेला माझा मित्र, हृदयविकाराने गेला. त्याला तीन आठवडे झाले.

बर्फ पडला की पहाडातल्या आरोग्य केंद्रांचे फोन बंद पडतात. तिथली नर्स संगणकावर निरोप लिहायची, तो सांकेतिक कुलूप लागून बसमधल्या छोट्या यंत्राच्या डबीत जायचा आणि बस पायथ्याच्या पिंजौरकडे उतरली की इथल्या औषधभांडाराला पोचायचा. वाटेत कुणी तो वाचू नये, बदलू नये, जुनाच निरोप पुन्हा पाठवून फसवू नये, हे मुकुंदचं काम. म्हणून त्याने नियम घातला: दोन दिवसांहून जुना निरोप आपोआप रद्द.

नियम चंदीगडमध्ये बसून केलेला होता. एका हिवाळ्यात बस चार दिवस अडकली. इन्सुलिन संपल्याचा निरोप खरा होता; यंत्राने तो पुसला. एका मुलीला बेशुद्ध अवस्थेत पाठुंगळी घेऊन खाली आणावं लागलं. ती वाचली. मुकुंद माफी मागायला वर गेला, मीही सोबत होतो. नर्स कमलादीदींनी चहा दिला आणि विचारलं, "डॉक्टर साहब, आपके चंडीगढ़ में देर से आई चिट्ठी फाड़ देते हैं क्या?" मला हसू आलं. "हसू नको बे," मुकुंद म्हणाला. "बरोबर बोलल्या त्या."

मग त्याने नियम बदलला. उशिरा आलेला निरोप आता पुसला जात नसे. यादीत थांबे, आणि माणसाने वाचून ठरवायचं. माणूस म्हणजे तोच. भरल्या ताटावरून उठायचा, लग्नाच्या मांडवातून निघायचा... नलूवहिनी म्हणायच्या, "बर्फ तिकडे पडतो अन् ताट इकडे गार होतं." दुसरा कुणी नेम, असं मी कितीदा सांगितलं. "करू ना यार, पक्का." केलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो. वेदाने त्याच्या खोलीतला संगणक लावला. पासवर्ड वहिनींना ठाऊक होता. मुकुंदला हे आवडलं नसतं. यादीत सात निरोप थांबले होते. सगळ्यात जुना एकोणीस दिवसांपूर्वी येऊन पडलेला. कुलूप शाबूत, सही खरी... वाचणारा नव्हता.

वेदा एकेक उघडत गेली, मी औषधभांडाराला फोनवर सांगत गेलो. सातवा संपला तसा मी उठलो. ती त्याच्या खुर्चीतून हलली नाही.

"काका, आप चलो. बस शाम को उतरती है. मैं बैठती हूँ."