पाण्याच्या टाकीतला देव

माझी भाची पाच वर्षांची आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. कारण तिच्याजवळ माझे वडील आहेत. तसे ते माझ्याजवळही आहेत, त्याच घरात; पण तिच्या वाट्याला आलेले वेगळेच आहेत.

दादा-वहिनी दोघंही आयटीत, मी हडपसरच्या एका कंपनीत. त्यामुळे कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर ती आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले बाबा. ती त्यांना "ए आबा" म्हणते. मी अजून अहो-जाहो करते.

एका रविवारी तिनं विचारलं, "ए आबा, माझ्या सगळ्या फ्रेंड्सच्या घरी देव आहे. आपला कुठंय?"

मी पेपरमधून डोकं वर काढलं. आमचं घर बौद्ध. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे, पण तो देव नाही, हे मला लहानपणापासून पाठ. पहिलीत असताना मीही हेच विचारलं होतं. फाइलमधून मान वर न करता बाबा म्हणाले होते, "देवबिव काही नसतं. अभ्यास कर." मी केला. पुढं कधी काही विचारलं नाही.

आता त्याच बाबांनी हातातला चहा खाली ठेवला. "तुला काय वाटतं? कुठं असेल?"

"गच्चीवरच्या टाकीत."

"का बरं?"

"तिथून सगळ्यांच्या घरी पाणी येतं ना. पण वर कुणीच दिसत नाही."

"आणि पाणी जातं तेव्हा?"

"तेव्हा तो टँकर आणायला जातो."

बाबा खो खो हसले. दुखरे गुडघे घेऊन तिच्याबरोबर गच्चीवर गेलेसुद्धा. परत आल्यावर मला गंभीरपणे म्हणाले, "झाकण बंद होतं. नक्की सांगता येत नाही."

नक्की सांगता येत नाही! मला तर एका वाक्यात नक्की सांगून झालं होतं.

"मी विचारलं तेव्हा तुम्ही अभ्यासाला बसवलंत," मी म्हणाले. असं मी घरात बोलत नाही. ते "कधी?" म्हणतील असं वाटलं.

"आठवतं," ते म्हणाले. "कुठल्या तरी देवळाच्या दारातून तुला कुणी परत पाठवेल, ही धास्ती होती. म्हटलं, तिकडे बघायलाच नको." मग त्यांनी विचारलं, "तुला काय वाटायचं तेव्हा?"

इतक्या वर्षांनी! सांगूच नये, असं क्षणभर वाटलं.

"शाळेच्या स्पीकरमध्ये देव असतो असं वाटायचं. सकाळची प्रार्थना तिथूनच यायची, इंग्लिशमध्ये. त्याला मराठी येत नसणार, आणि आपल्या घरी तर सगळे मराठीच बोलतात. म्हणून तो येत नसेल."

बाबा हसले नाहीत. "मग?"

"मग मी बाल्कनीत जाऊन त्याला इंग्लिशमध्ये पत्ता सांगायचे. पिनकोडसकट."

भाचीनं त्यांचा शर्ट ओढला. "आबा, चल ना! वॉचमनकाकांना झाकण उघडायला सांगू."

"थांब जरा," बाबा तिला म्हणाले. "आत्याचं सांगून व्हायचंय अजून."

तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला चांगलीच ओळखीची होती. मी पेपरची घडी केली आणि मुद्दाम सावकाश सांगू लागले.